तिसऱ्या क्लॅरिनेटचा कागद

मे महिना लागला की जयपूरच्या वैशाली नगरातली नोकरदार मंडळी गावाकडे पळतात, नाही तर एखाद्या थंड डोंगरावर. कोंडिबा चोरगे नेमके त्याच महिन्यात कामाला बसायचे. पुढच्या खोलीत कूलर घरघरत असायचा, सतरंजीभर कागद पसरलेले असायचे आणि वाऱ्यानं ते उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर गिरिजाबाईंच्या स्वयंपाकघरातली एकेक जड वस्तू ठेवलेली असायची. कुठं खलबत्ता, कुठं पोळपाट, कुठं लोणच्याची बरणी. दुपारी चटणी कुटायची वेळ झाली की गिरिजाबाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "आवो, खलबत्ता मोकळा झाला का, का आजून बँडात हाय?" मग कोंडिबा तो गठ्ठा मांडीखाली घ्यायचे आणि खलबत्ता सोडायचे.

कोंडिबा एका खासगी शाळेत बँडमास्तर होते. त्याआधी चोवीस वर्षं फौजेत, पलटणीच्या बँडमध्ये. सतराव्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं गाव सोडून भरती झाले, देशभर फिरले, शेवटची बदली जयपूरच्या छावणीत झाली आणि निवृत्तीनंतर इथंच राहिले. मुलगी उत्कर्षा इथल्या शाळेत रुळली होती, हे त्याचं कारण. बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे, पण तिथं त्यांची खरी किंमत होती ती सुरावटींच्या कागदांच्या कपाटापाशी. बँडमध्ये प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त आपल्या वाद्यापुरता लिहिलेला कागद असतो. सगळ्यांचं मिळून काय होणार, हे एकट्या बँडमास्तरच्या मोठ्या कागदावर दिसतं. हे सगळे कागद सांभाळणं, फाटले तर हातानं उतरवणं, कुठल्या कार्यक्रमाला काय काढायचं ते सुचवणं, हे काम कोंडिबांनी सोळा वर्षं केलं. साहेब लोक वरात असो की अंत्यसंस्काराची सलामी, आधी चोरगेला विचारायचे.

शाळेतही त्यांनी तेच चालू ठेवलं. बँड त्यांचा आणि गाणाऱ्या मुलांचा कॉयर दुसऱ्या बाईंचा, पण दोन्हीकडे वर्षभर काय वाजणार आणि काय गायलं जाणार, हे कोंडिबाच ठरवत. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं? चार चाली ऐकायच्या, आवडली ती घ्यायची. असं कोणी म्हणालं की कोंडिबांच्या कपाळावरची शीर उडायची. "ऐकून निवडतो तो गिऱ्हाईक," ते म्हणायचे. "मास्तरनं वाचून निवडायचं, आणि वाचताना शेवटची खुर्ची आधी बघायची." शेवटच्या खुर्चीवरच्या सगळ्यात कच्च्या पोराला त्या कागदात करण्यासारखं काही असलं तरच तो कागद घ्यायचा. नसलं तर कितीही गाजलेली रचना असो, ती परत गठ्ठ्यात जायची आणि वर लोणच्याची बरणी बसायची.

यासाठी त्यांच्याकडे एक वही होती. जाडजूड, कापडी पाठीची, फौजी खाक्याची. दर जुलैत ते एकेका मुलाला खोलीत बोलवायचे आणि सगळ्यात खालच्या सुरापासून वरपर्यंत वाजवायला लावायचे. जिथपर्यंत सूर स्वच्छ येईल तिथंच थांबायचं. कसाबसा काढलेला सूर मोजायचा नाही. मग त्या मुलाच्या पानावर पाच रेघा ओढून दोन ठिपके द्यायचे, एक खालचा, एक वरचा. पुढच्या जुलैत पुन्हा दोन. मूल वाढलं की ठिपके एकमेकांपासून लांब जात. बाजूला बारीक अक्षरात शेरे असत: दाताला तार लावली, वरचं देऊ नये. दमा आहे, मध्ये श्वासाला जागा हवी. एका वर्षी कॉयरमधल्या एका मुलाचा आवाज ऐन ऑक्टोबरात फुटला. कोंडिबांनी त्याला बाहेर काढलं नाही. उरलेल्या तीन सुरांत बसेल असा वेगळा कागद त्याच्यासाठी रात्रंदिवस खपून लिहिला, आणि तो मुलगा सगळ्यांबरोबर उभा राहून गायला. त्याच्या आईनं शाळेच्या फाटकात कोंडिबांचे पाय धरले होते.

असा हा माणूस. म्हणूनच पुढचं सांगताना राग येतो.

उत्कर्षा सहावीत बँडमध्ये आली. छावणीत वडिलांच्या हातातली पलटणीची क्लॅरिनेट ऐकत वाढलेली पोर. पहिल्याच दिवशी तिनं खालचा सूर असा भरून काढला की बाकीची पोरं वळून बघायला लागली. कोंडिबांनी वहीत तिचं पान घातलं, दोन ठिपके दिले. तिला पुढं बसवायचं हे त्यांच्या मनात पक्कं झालं होतं. तेवढ्यात गणपती आले.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जयपुरातली यच्चयावत मराठी माणसं जमतात. छावणीतली, बँकेतली, विम्यातली. आरती झाली, प्रसादाची रांग लागली. रांगेत वसंतराव होते, नाशिकहून बदलून आलेले बँकेचे अधिकारी. त्यांचा वरुण त्याच बँडमध्ये क्लॅरिनेटवर होता. वसंतराव मोठ्यानं म्हणाले, "काय मास्तर, आता काय, घरचाच बँड झाला तुमचा! पहिली खुर्ची कुणाला मिळणार ते आम्हाला आत्ताच कळलं." रांग हसली. कोंडिबाही हसले. हातातल्या द्रोणातली खिरापत मात्र त्यांनी खाल्ली नाही, तशीच घरी आणली.

फौजेत त्यांनी वशिल्याची पोरं पाहिली होती. कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी साडू, वाजवायला येत नाही आणि बसतोय पुढं. अशांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. आपल्याला कोणी त्या माळेत ओवावं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्च्या लावल्या: वरुण पहिल्या क्लॅरिनेटवर, उत्कर्षा तिसऱ्या.

तिसरी क्लॅरिनेट म्हणजे काय, हे सांगायला हवं. त्या वाद्यात मधोमध एक जागा असते, तिथून पुढं सगळी बोटं एकदम बदलतात आणि ओठही वेगळे धरावे लागतात. कोंडिबा तिला उंबरा म्हणायचे. पहिली क्लॅरिनेट उंबऱ्याच्या पलीकडे, वरच्या सुरांत नाचते. तिसरी अलीकडेच बसते. लांब, खालचे सूर धरायचे, बाकीच्यांनी त्यावर उभं राहायचं. चुकली तर सगळं कोसळतं आणि बरोबर आली तर कोणाला कळतही नाही. उत्कर्षा कधी चुकली नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, सहावी ते बारावी, ती त्याच खुर्चीवर बसली.

वाद्यं शाळेची. ती कुलपात राहत. फक्त पहिल्या खुर्चीवाल्यांना अवघड कागद असतो म्हणून त्यांना वाद्य घरी न्यायची परवानगी होती. नियम कोंडिबांचाच. त्यामुळे चोरग्यांच्या घरी, जिथं मास्तर राहतो, तिथं क्लॅरिनेट कधी आली नाही, आणि वसंतरावांच्या घरी ती रोज संध्याकाळी कुरकुरत असे. घरी मुलीला वेगळं शिकवणं म्हणजे तोही पक्षपातच, असं कोंडिबांचं म्हणणं.

आठवीत असताना तिनं एकदाच विचारलं. "बाबा, फर्स्टचा पेपर मी एक दिवस घरी आणू? मतलब, नुसता बघायला."

"ज्याची खुर्ची त्याचा कागद," कोंडिबा म्हणाले.

गिरिजाबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून त्या म्हणाल्या, "समद्या गावाच्या लेकरांची मापं घेता. आपल्या पोरीचं माप घ्यायला तेवढा हात आखडतो व्हय तुमचा?"

"आपलीच हाय. तिचं माप मला ठावं हाय," कोंडिबांनी विषय मिटवला. आणि खरंच, दर जुलैत तिची पाळी आली की ते पुढच्या मुलाला हाक मारायचे. माहीत असलेलं कशाला मोजायचं?

त्यांच्या ट्रंकेत एक धून होती. त्यांच्या जुन्या बँडमास्तरांनी स्वतः रचलेली, पहाडी वळणाची. एक क्लॅरिनेट पुढं आणि सगळा बँड मागं. मास्तरांनी मरताना तिचा मोठा कागद कोंडिबांच्या हवाली केला होता. दर मे महिन्यात कोंडिबा ती काढायचे, वाचायचे. वाचता वाचता कानात उत्कर्षाचा सूर यायचा, कारण ही धून वरुणकडून बापजन्मात वाजणार नव्हती. धून निवडली की ती उत्कर्षालाच द्यावी लागणार. की मग मंडळात तोंड उघडायला वसंतराव मोकळे. म्हणून दर मे महिन्यात ती धून परत ट्रंकेत जायची. सहा मे महिने हेच झालं.

बारावीच्या वर्षी उत्कर्षानं आपलं आपण एक फॉर्म भरला. दिल्लीत तरुण वादकांचा एक मोठा वाद्यवृंद निवडणार होते. शाळेची क्लॅरिनेट मुख्याध्यापकांकडून रीतसर अर्ज करून मागून घेतली, आईला बरोबर घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. कोंडिबांनी विचारलं, काय झालं?

"नाही झालं. माझंच मन नव्हतं."

"मन न्हवतं तर तिकीट कशाला काढलंस?" कोंडिबा कडाडले. "कष्ट नगं असत्यात तुमच्या पिढीला. आयतं पायजे."

उत्कर्षानं एकदा आईकडे बघितलं. आईनं खाली बघितलं. क्लॅरिनेट पुसून शाळेत जमा झाली, आणि त्या घरात तो विषय संपला. उत्कर्षा इंजिनीअर झाली. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात लागली. लग्न करून जयपुरातच झोटवाड्याला राहायला गेली. चालू केलेला पंप नुसता ऐकून ती सांगते, याच्या आत कुठं घासतंय, असं तिच्याबरोबरचे लोक सांगायचे. कोंडिबा ही गोष्ट मंडळात सगळ्यांना अभिमानानं ऐकवत. तिला स्वतःला त्यांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. रविवारी ती यायची, औषधं आणून द्यायची, चहा घ्यायची, जायची. तेरा वर्षं अशी गेली.

या वर्षी कोंडिबांचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं. डिसेंबरच्या कार्यक्रमात जुने विद्यार्थीही येऊन बँडमध्ये बसणार होते. मुख्याध्यापक रणजीत सिंह मे महिन्यातच म्हणाले होते, "मास्टरजी, आख़िरी है, कुछ धमाकेदार रखिए." कोंडिबांनी मान डोलावली आणि घरी येऊन ट्रंक उघडली.

आता कोणाचं भय नव्हतं. वरुण कुठल्याशा परदेशात होता. कोंडिबांनी तीन दुपारी बसून एकट्या क्लॅरिनेटचा कागद नव्यानं उतरवला, काळ्या शाईनं, छापल्यासारखा. आणि आयुष्यात कधी केली नव्हती अशी एक गोष्ट केली. कागदावर नाव घातलं. एरवी कागदावर खुर्चीचं नाव असतं, माणसाचं नाही; माणसं बदलतात. त्यांनी वर लिहिलं: उत्कर्षा.

सवयीनं वही काढली. तिचं पान उघडलं. पाच रेघा, दोन ठिपके, वरचा ठिपका उंबऱ्याच्या अलीकडेच. इयत्ता सहावी. त्याखाली पान कोरं होतं. शेजारच्या पानावर वरुणच्या ठिपक्यांच्या सात जोड्या, दर जुलैची एक, शेऱ्यांसकट, शिडीसारख्या वर चढत गेलेल्या. कोंडिबा जरा चपापले. मग त्यांनी वही मिटली. आपलीच पोर. तिचा सूर का आपल्याला ठाऊक नाही?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं नाव बघितलं. मग कागद वाचायला लागली. उभ्याउभ्या, ओठ न हलवता. एका जागी तिची नजर अडली आणि तिथंच राहिली. कोंडिबांना वाटलं, पोरीला भरून आलंय.

"सुंदर आहे, बाबा."

"तुझ्यासाठीच काढलाय."

"आत्ता?"

"व्हय, आत्ता. आता कोण काय म्हननार हाय?"

उत्कर्षानं कागदाची घडी घातली. "बघते," म्हणाली. कोंडिबांनी त्याच आठवड्यात आपला नियम स्वतःच्या हातानं मोडला आणि शाळेची एक क्लॅरिनेट तिच्या घरी पाठवली.

पाच आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, शाळेच्या संगीताच्या खोलीत तालीम ठेवली. पंचवीसएक मुलं, पहिल्या क्लॅरिनेटवर दहावीतली रुचिता. उत्कर्षा मधल्या खुर्चीवर येऊन बसली. कोंडिबांनी काठी उचलली. सुरुवातीचा भाग खालच्या सुरांतला होता आणि तो तिनं असा वाजवला की ढोलवाला पोरगा आपली पाळी विसरला. कोंडिबांचे डोळे भरले. तेरा वर्षं आपण हे ऐकलं नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं. मग धून उंबऱ्यावर आली.

सूर फाटला. पातळ, चिरका, शिट्टीसारखा काहीतरी आवाज निघाला आणि तोही मध्येच तुटला. मागच्या रांगेत दोन पोरं फिसकन हसली. कोंडिबांनी काठी टेबलावर आपटली. "फिर से." पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा ती उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली आणि वाद्य ओठांपासून दूर धरून बसून राहिली.

रुचिता हळूच म्हणाली, "दीदी, रीड ख़राब होगी. मेरी ले लो." आणि तिनं खरोखरच आपल्या वाद्याची बांबूची पट्टी काढून पुढं केली. उत्कर्षानं तिच्या गालाला हात लावला, पट्टी घेतली नाही.

इथं कोंडिबांनी गप्प बसायला हवं होतं. पण जुनी खोड. सगळ्या मुलांसमोर ते मराठीत म्हणाले, "पाच हप्ते होतं तुझ्याकडं. रियाज केला असतास तर ही येळ आली नसती."

उत्कर्षानं मुलांना पाणी प्यायला बाहेर पाठवलं. दार लागेपर्यंत थांबली.

"रोज केला, बाबा. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, गच्चीवर टाकीमागे बसून. रोज. वर माझा सूरच नाही. ज्या वयात ओठ तयार होतात, तेव्हा मी खालीच बसलेली होते. आता एकतिसाव्या वर्षी ते होत नाही. मतलब, होईल थोडंफार. डिसेंबरपर्यंत नाही होणार. आणि तुम्हाला हवं तसं कधीच नाही."

कोंडिबांनी काठी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "दिल्लीला..."

"दिल्लीला हेच. खालचं ऐकून तिघंही परीक्षक पुढे सरकून बसले. मग म्हणाले, अब ऊपर. मी वर गेले आणि आज झालं तेच झालं. त्यातल्या एक बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, बेटा, आपके टीचर ने ऊपर का कुछ दिया ही नहीं क्या? कौन हैं आपके टीचर?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मी मेहनत केली नाही. तुमचं नाव नाही घेतलं."

बाहेर नळापाशी मुलं ओरडत होती. कोंडिबा म्हणाले, "मला सांगायचं हुतंस की गं, पोरी."

"काय सांगायचं? तुमच्या वहीत दिसत नव्हतं?"

वही टेबलावरच होती. दोघांपैकी कोणीही तिला हात लावला नाही. त्या वहीत चारशे मुलांची मापं होती. कुणाच्या दाताची तार, कुणाचा दमा, कुणाचा फुटलेला आवाज. कोंडिबांना वाटलं, आता ही उठून जाईल आणि पुन्हा यायची नाही, आणि त्यात तिचं काही चुकणार नाही. पण ती गेली नाही.

"सोलो रुचिताला द्या," ती म्हणाली. "तिला येईल. मी तिसरी वाजवते. तो कागद आहे ना?"

तो कागद होता. जुना, पिवळा, घड्यांवर फाटलेला. तिनं तो स्वतः गठ्ठ्यातून काढला आणि मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर जाऊन बसली. कोंडिबांनी नव्या कागदावरच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली आणि तो रुचिताच्या पुढ्यात ठेवला. मुलं परत आली तेव्हा सगळं नेहमीसारखं दिसत होतं.

घरी आल्यावर त्यांनी गिरिजाबाईंना विचारलं, "तुला ठावं हुतं?" गिरिजाबाई म्हणाल्या, "दिल्लीपासनं जयपूरपातूर रडत आली हुती रेल्वेत. मला शपथ घातली हुती, बाबांना सांगू नगंस, त्यास्नी लागंल." आणि मग, तेरा वर्षं गिळलेलं एकदम बाहेर पडावं तशा त्या म्हणाल्या, "आन् तुमी दारातच तिला कष्टाचं शिकवलंत."

कार्यक्रमाच्या दिवशी फाटकात वसंतराव भेटले. निवृत्त होऊन त्यांनी जयपुरातच घर बांधलं होतं. केस पांढरे, काठी हातात, पण आवाज तोच. कोंडिबांना राहवलं नाही. ते म्हणाले, "वसंतराव, गणपतीच्या रांगेत तुम्ही एकदा म्हणाला होतात, घरचाच बँड झाला म्हणून. आठवतं?"

"मी? असं म्हटलं होतं?" वसंतराव खो खो हसले. "असेल बुवा! तेव्हा काय काय बोलायचो आपण. अहो, वरुणनं तर कॉलेजात गेल्यावर ते वाद्य हातातसुद्धा धरलं नाही. माळ्यावर पडलंय कुठंतरी त्याचं पुस्तक." आणि कोंडिबांच्या पाठीवर थाप मारून ते आत पहिल्या रांगेत जाऊन बसले.

शेवटच्या धुनेच्या आधी रणजीत सिंह माईकवर आले. कोंडिबांना शाल घातली, साफा बांधला. वीस वर्षांत मास्टरजींनी काय काय केलं ते सांगितलं. मग म्हणाले, "एक बात मैं ज़रूर बताऊँगा. मास्टरजी की अपनी बेटी इसी बैंड में थी. सबसे अच्छी थी. पर मास्टरजी ने उसे हमेशा तीसरी कुर्सी पर बिठाया, कि कोई यह न कहे कि पक्षपात किया. आज भी वह तीसरी कुर्सी पर बैठी है. ऐसे होते हैं गुरु!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. हा किस्सा रणजीत सिंहांना दुसऱ्या कोणी सांगितला नव्हता. शिक्षकांच्या खोलीत, चहा पिता पिता, कोंडिबांनीच सांगितला होता. एकदा नाही, दहादा, आणि दर वेळी छाती काढून.

कोंडिबांनी माईक मागून घेतला. साफ्याखाली घाम फुटला होता. ते म्हणाले, "यह तारीफ़ की बात नहीं है. मैंने ग़लती की. सबके बच्चों को देखा, अपनी बच्ची को नहीं देखा. उसका नुक़सान किया मैंने."

मग रणजीत सिंह पुढं झाले, त्यांनी कोंडिबांचा हात धरून वर उचलला आणि म्हणाले, "देखिए! इतने बड़े आदमी, और इतनी विनम्रता!" टाळ्या दुप्पट झाल्या. पहिल्या रांगेत वसंतराव काठी टेकत उभे राहिले, मग त्यांच्यामागे सगळेच उभे राहिले. गिरिजाबाई तेवढ्या बसून होत्या.

कोंडिबांनी मागच्या रांगेकडे बघितलं. उत्कर्षा त्यांच्याकडे बघत नव्हती. ती ओठांत रीड धरून ओली करत होती, डोळे कागदावर, तयारीत.

टाळ्या थांबायला बराच वेळ लागला. कोंडिबांनी काठी उचलली. कार्यक्रमात ती धून खालच्या एकट्या सुरानं सुरू करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. तिसऱ्या क्लॅरिनेटचा सूर आला. भरलेला, सरळ, वेळेवर. दोन आवर्तनं तो एकटा होता. मग पुढून रुचिताची क्लॅरिनेट वर चढली, उंबरा ओलांडून अलगद पलीकडे गेली, आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.